नोंदोबा

नोंदोबा माऊसला हात लावत नाहीत. सोवळ्यातल्या माणसाने खरकट्याला लावू नये, तसा. बोटं कीबोर्डवरून उचलून माऊसपर्यंत नेण्यात आयुष्याचे किती तास फुकट जातात याचा हिशोब त्यांनी मांडलेला आहे, आणि तो ते समोरच्याला तासभर समजावून सांगतात.

ही जात हिंजवडी-खराडीच्या कंपनी बसमध्ये हमखास भेटते. वय पस्तिशीच्या पुढे, मांडीवर लॅपटॉप, स्क्रीन काळी, अक्षरं हिरवी. शेजारच्याला वाटतं, गडी बँकेच्या सर्व्हरमध्ये घुसलाय. गडी वाणसामानाच्या यादीत ‘पोहे, जाड’च्या जागी ‘पोहे, पातळ’ करत असतो. नोंदी ठेवायच्या अ‍ॅप्समध्ये एव्हरनोट, नोशन, ऑब्सिडियन अशी बिऱ्हाडं बदलत नोंदोबा सध्या ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये स्थिरावलेत. ईमॅक्स १९७०च्या दशकातलं. त्यावर नोंदी ठेवायचं ऑर्ग-मोड २००३ सालचं, तेही एका खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेलं, हे नोंदोबा अशा काही सुरात सांगतात की ऐकणाऱ्याने वाणसामानाच्या यादीकडे आदराने पाहावं.

त्यांचं कुलदैवत म्हणजे निक्लास लुमान. या जर्मन समाजशास्त्रज्ञाने लाकडी खणांत सुमारे ९०,००० चिठ्ठ्या क्रमांक घालून, एकमेकींना जोडून ठेवल्या आणि त्या जोरावर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. नोंदोबांचं पुस्तक अजून यायचंय. ‘पुस्तक’ हा टॅग मात्र तयार आहे.

त्यांचा खरा अभिमान वेगाचा. स्क्रीनवर वरच्या बाजूला शोधाची एकच चौकट. टाइप करू लागलं की खालची यादी आखडत जाते. हवी ती नोंद दिसली की एन्टर, ती उघडते आणि कर्सर थेट त्या शब्दावर. नोंद सापडली नाही तर त्याच नावाची नवी जन्माला येते. मॅकवरच्या नोटेशनल व्हेलॉसिटीने ही चटक लावली आणि पुढे अनेकांनी ती उचलली. युक्ती झकास आहे, यात वाद नाही. अडचण एवढीच, की नोंदोबा मराठीत नोंदी ठेवतात. त्यामुळे ‘मेहुणीचा वाढदिवस’ सापडला नाही की नवी नोंद होते, आणि ‘मेव्हणीचा वाढदिवस’ आधीपासून खाली गप्प पडून असतो. दोन नोंदींत दोन तारखा. तिसरी, खरी, वहिनींना पाठ.

मराठी तशी सर्चला वश होणारी बाई नव्हेच. ‘पाऊस’ शोधा, ‘पावसात’ आणि ‘पावसाळी’ हाती लागत नाहीत. ‘पाणी’ शोधा, ‘पाण्याची टाकी’ कोरडी राहते. त्यात ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ दोन निरनिराळ्या प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, संगणकाला मात्र दोन वेगळी अक्षरं. फोनवर लिहिलेलं ‘दुसऱ्या मजल्यावरचं गळकं नळकांडं’ लॅपटॉपवर सापडेना, तेव्हा नोंदोबांनी प्लंबर न बोलावता युनिकोडचा अभ्यास सुरू केला. खालच्या मजल्यावरच्यांनी बादली लावली.

यापुढची पायरी म्हणजे शोधता शोधताच दुरुस्ती. शेकडो फायलींतून सापडलेल्या ओळींची एक यादी समोर येते, आणि त्या यादीतच बदल केला की तो मूळ फायलींत जाऊन बसतो. एक दिवस लेकीने बजावलं, “बाबा, घरी कामाला येतात त्यांना ‘बाई’ काय म्हणता? मावशी म्हणा.” मुलीचं म्हणणं रास्त होतं. नोंदोबांनी ते तत्काळ अमलात आणलं: सगळ्या फायलींत ‘बाई’ काढून ‘मावशी’. पापणी लवायच्या आत काम फत्ते. शब्द कुठे सुरू होतो नि कुठे संपतो हे बऱ्याच सॉफ्टवेअरांना देवनागरीत नीट कळत नाही, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. ‘मोमावशील रिचार्ज’ करायचा होता. ‘मावशीकचं सर्व्हिसिंग’ लांबलं होतं. आणि लेकीच्या प्रवेशाच्या फायलीत ‘सावित्रीमावशी फुले पुणे विद्यापीठ’ उभं होतं. बॅकअप होता, अर्थातच. तो कुठे ठेवलाय याची नोंद होती. त्या नोंदीचं नाव होतं ‘मोबाईल बॅकअप’, आणि शोधताना त्यांनी तेच टाइप केलं. अशी काही नोंदच नाही म्हटल्यावर चौकटीने त्या नावाची नवी, कोरी नोंद काढून दिली.

सोसायटीच्या सभेत नोंदोबांना एक ठरलेली जागा आहे: प्लगपॉइंटजवळची. टाकीच्या गळतीवरून खडाजंगी चालली होती. मागच्या सभेत नेमकं काय ठरलं होतं, खर्च कोणी करायचा? “थांबा,” नोंदोबा म्हणाले. तीन कळा दाबल्या, नोंद हजर. सभा शांत झाली. नोंदोबांनी घसा साफ करून वाचलं: “टाकीबाबत महत्त्वाचा निर्णय झाला. तपशील नंतर लिहिणे.”

पण एकदा वडिलांना रात्री रुग्णालयात न्यावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? नोंदोबांनी मान वर न करता नावं, मात्रा, वेळा आणि कशाची अॅलर्जी आहे ते घडाघड वाचून दाखवलं. त्या फायलीला टॅग नव्हता, ती कशाला जोडलेली नव्हती, तिचं नाव नुसतं ‘बाबा’ होतं, आणि ती दर महिन्याला नेमाने अद्ययावत केलेली होती. डॉक्टर म्हणाले, “असे नातेवाईक असावेत.” वहिनींनी त्या रात्री पहिल्यांदा त्या हिरव्या अक्षरांकडे प्रेमाने पाहिलं, असं त्याच सांगतात. दुसऱ्या दिवशी नोंदोबांनी ‘बाबा’चे सहा भाग करून त्यांना आपापसांत जोडायला घेतलं, तेव्हा लॅपटॉपही वहिनींनीच मिटला.

तुमच्या घरात असा कोणी असेल तर त्याला बदलायच्या भानगडीत पडू नका. यावर तोडगा एकच. औषधांची यादी त्याच्याकडे असू द्या, वाढदिवस स्वतः लक्षात ठेवा आणि वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून फ्रिजला चिकटवा. तो त्याच्या नोंदींत आहेच, पण त्या नोंदी तुमच्या फोनवर उघडायला आधी वायफाय लागतं.