आनंद मेळवा

आमच्या शाळेच्या मेळाव्याचा फलक तालुक्याहून छापून आला तेव्हा त्यावर ठळक लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'आनंद मेळवा'. एक काना वाटेत कुठं गळाला याची मी चौकशी केली नाही, कारण मजकूर मीच पाठवला होता. मुख्याध्यापकांनी चष्मा वर-खाली करून फलक दोनदा वाचला आणि म्हणाले, "राहू द्या सर. 'मेळावा' म्हणजे निमंत्रण, 'मेळवा' म्हणजे आदेश. आपल्याला आदेशाची सवय हाय."

आमचा जिल्हा वाशिम, म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यपुरुषाचं आणि साहित्यविद्येचं लग्न याच वत्सगुल्मात लागलं, असं राजशेखर 'काव्यमीमांसे'त सांगून गेला. त्या लग्नघराच्या जिल्ह्यात एक काना कमी पडला, ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली नाही हे बरं झालं.

आमची शाळा मानोरा तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. पोहरादेवी इथून जवळ. रामनवमीची यात्रा पाहत वाढलेल्या पोरांना गर्दी, दुकानं आणि घासाघीस नवी नाही. नवं असतं ते आम्हा शिक्षकांना. वर्षभर 'एका दुकानदाराने बारा पेन विकले' असं सांगत फिरणाऱ्या माणसावर एक दिवस खरोखरचे दुकानदार सांभाळायची पाळी येते.

मेळाव्यासाठी ३ जानेवारी हा दिवस ठरला, सावित्रीबाईंची जयंती. आधी भाषणं, मग दुकानं. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा ठेवला आहे आणि निम्म्या जागा महिलांना दिल्या आहेत. मेळाव्याच्या दिवशी हे प्रमाण आपोआप वेगळं होतं: मंचावर पुरुष, चुलीपाशी महिला. पोषण आहार शिजवणाऱ्या दोघी ताई मानधनावर खिचडी करतात. त्या दिवशी खिचडीची भांडी घासून झाल्यावर त्यांनी चार दुकानांचं तळण काढलं. मी आभार मानायला गेलो तर एक जण म्हणाली, "आभार राहू द्या सर, झारा धरा."

मी झारा धरला. त्या तासाभरात जे आलुबोंडे निघाले, त्यांना पोरांनी 'सरचे बोंडे' असं वेगळं नाव दिलं आणि ते अर्ध्या भावात विकले.

गावातली तरुण पोरं एरवी पारावर बसून मोबाइल चोळत असतात. मेळावा म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. एकानं घरच्या लग्नात उरलेला मंडप आणला, दुसऱ्यानं गणपतीतला भोंगा. हा भोंगा दिवसभर एकच वाक्य बोलला: "हॅलो, हॅलो, माइक चेक." अंगणवाडीच्या ताईंनी सतरंज्या दिल्या. सरपंचांनी उद्घाटन केलं, म्हणजे फीत कापून पहिला आलुबोंडा खाल्ला. पैसे द्यायला त्यांनी पाचशेची नोट काढली आणि तिसरीतल्या दुकानदाराकडं सुट्टे नव्हते. सरपंच म्हणाले, "राहू दे, मंग देतो." उधारी म्हणजे काय, हा पाठ पहिल्या पाच मिनिटांत आटोपला.

सुट्ट्यांच्या रोगावर सहावीतल्या एकानं जालीम औषध आणलं होतं. चाकणला कंपनीत असलेल्या काकाचा क्यूआर कोड त्यानं छापून टेबलावर चिकटवला. गिऱ्हाइकं मोजून पैसे पाठवत होती आणि पैसे चाकणला पोचत होते. दर दहा मिनिटांनी त्याचा फोन: "काका, आले काय पैसे? किती आले?" चौथ्या फोनला काकांनी फोन बंद केला, तेव्हा पोरानं क्यूआर कोड उपसून फाडला आणि 'फक्त रोख' अशी पाटी लावली. बँकांना जे पटायला वर्षं लागतात, ते त्याला दोन तासांत पटलं.

पलीकडं दोन जिवलग मित्रांची भज्यांची दुकानं शेजारीशेजारी लागली होती. एकानं प्लेटचा भाव दहा ठेवला, दुसऱ्यानं आठ केला. पहिला सहावर आला, दुसरा पाचवर. शेवटी एकानं 'भजे फुकट, चटणीचे पाच रुपये' असं ओरडायला सुरुवात केली तेव्हा मी मध्ये पडलो. अर्ध्या तासानं पाहतो तर दोघांनी टेबलं जोडून भागीदारी केली होती आणि भाव बारा रुपये झाला होता.

रिंग फेकायच्या खेळात मी वीस रुपये हरलो. बक्षीस होतं अंगाच्या साबणाची वडी. चौथ्या वेळी शंका आली म्हणून रिंग वडीवर ठेवून पाहिली. रिंगच लहान होती. दुकानदार पाचवीतला. मी डोळे वटारले, तो शांतपणे म्हणाला, "सर, तुमी खेळाच्या आधी इचारलंच नाई."

२०१८ साली नीती आयोगानं देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिमचं नाव घातलं. आकांक्षा कशी असते हे पाहायचं तर यादी बाजूला ठेवून पहिलीच्या पोरामागं चालावं. मुठीत पाच रुपयांचं घामेजलेलं नाणं घेऊन ते बावीस दुकानांवरून तीन फेऱ्या मारतं. पाणीपुरीपाशी थांबतं, बोरांपाशी थांबतं, फुग्यापाशी सगळ्यात जास्त थांबतं. शेवटी नाणं तसंच घेऊन घरी जातं आणि दुसऱ्या दिवशी विचारतं, "सर, मेळावा आज पण हाय का?"

संध्याकाळी हिशोब. प्रत्येक दुकानाला मी कागद दिला होता: भांडवल, विक्री, नफा. ज्याचा नफा जास्त त्याला पहिलं बक्षीस, हा नियमही माझाच. भज्यांच्या भागीदारांनी भांडवलाच्या जागी शून्य लिहिलं होतं.

"खर्च काहीच नाही?" मी विचारलं.

"कायचा खर्च सर? तेल घरचं, बेसन घरचं, कांदे वावरातले."

"आणि मेहनत?"

"थे तं आईनं केली." त्याला माझ्या प्रश्नाचीच कीव आली. "आईचे कुठी पैसे लागते?"

मी मान डोलावली आणि त्यांना पहिलं बक्षीस देऊन टाकलं. सहावीच्या वर्गात मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो की खरेदीत वाहतूक मिळवा, हमाली मिळवा, मगच नफा काढा. त्या संध्याकाळी मला फळाही आठवला नाही आणि हमालीही.

तांड्यावरच्या एका मुलीचा कागद मात्र वेगळा होता. तिनं तिळाचे लाडू विकले होते. तीळ इतके, गूळ इतका, सरपण इतकं, आणि खाली एक ओळ: 'याडीची मजुरी ५० रुपये.' त्या पन्नासांमुळं तिला अकरा रुपये तोटा आला होता. मी लाल पेन काढून 'याडी'भोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'यादी'. दहा वर्षं या भागात नोकरी केली. बंजारा घरात आईला याडी म्हणतात हे मला चांगलं ठाऊक आहे. पण हातात लाल पेन असला की ठाऊक असलेलंही आठवत नाही.

तिनं कागद परत घेतला, गोल पाहिला, मग माझ्या डोक्यावरच्या फलकाकडं पाहिलं. "सर," ती म्हणाली, "वरत 'मेळवा' लिवलं हाय. तिथं बी गोल करू का?"

मुख्याध्यापकांना खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

रात्री मंडप सोडवताना मी आमचाही हिशोब मांडून पाहिला. मंडपाच्या पोरांची मजुरी नाही. ताईंच्या तळणाची मजुरी नाही. अंगणवाडीच्या सतरंज्यांचं भाडं नाही. बावीस घरांतल्या आया पहाटेपासून चुलीपुढं, त्यांचं काही नाही. आम्हा शिक्षकांच्या खिशातून गेलेले बोंडे, बोरं, फुगे आणि साबण कुठंच नाहीत. अहवालात मात्र लिहायचं होतं, 'मेळाव्यातून विद्यार्थ्यांना नफा-तोट्याचे प्रत्यक्ष ज्ञान मिळाले.' ते वाक्य मी लिहिलं. खोटं नव्हतंच. बावीस दुकानांमागं एका मुलीला ते ज्ञान होतं आणि ती तोट्यात गेली.

दुसऱ्या दिवशी वर्गात तिचा कागद मागून घेतला, लाल गोल खोडला आणि खाली सही केली. बक्षीस वाटून झालं होतं, ते परत मागायची हिंमत झाली नाही.

यंदाचे हिशोबाचे कागद तयार आहेत. भांडवलाखाली मी 'मजुरी' हा नवा रकाना आखला आहे. तो भरल्याशिवाय नफा काढायचा नाही. भज्यांचे भागीदार याच्या विरोधात मुख्याध्यापकांना भेटून आले आहेत. फलक मात्र जुनाच वापरणार आहोत. काना घालून द्यायचे छपाईवाला दीडशे रुपये मागतो.