विमासल्लागार साहेबांस, मिरजोळ्याच्या एका उद्योजिकेकडून

मा. विमासल्लागार साहेब,


‘प्रत्येक व्यावसायिकाला विमा हवाच’ ही आपली पाटी वाचून मला फार धीर आला. मीही व्यावसायिक आहे. मिरजोळे एमआयडीसीत कोणाचे मासळीचे कारखाने, कोणाची वर्कशॉपं. माझा धंदा धुणं-भांडी आणि केर-लादीचा. भांडवल दोन हात आणि एक कंबर. यंत्रसामग्री गिऱ्हाइकाची. शाखा कुवारबावपर्यंत पसरल्या आहेत. तेव्हा माझ्या धंद्याला कोणता विमा बसेल, ते कळवावं.

इंग्लंडात म्हणे घरं साफ करणाऱ्या बाईच्या हातून फुलदाणी फुटली किंवा घरमालकाची किल्ली हरवली, तर विमा कंपनी भरून देते. आमच्याकडे त्याची गरज नाही. काचेचा बाऊल फुटला की वहिनी महिन्याच्या हिशेबातच तो वळता करून घेतात. दाव्याचा निकाल इतका झटपट आपल्या कंपनीतही लागत नसेल.

नोकराने हात मारला तर मालकाचं नुकसान भरून देणारी ‘फिडेलिटी गॅरंटी’ आपल्याकडे मिळते, असंही समजलं. तिची उलटी बाजू मिळेल का? म्हणजे सकाळी अंगठी हरवते, माझी पिशवी उलटीपालटी होते आणि संध्याकाळी तीच अंगठी वॉशिंग मशीनच्या जाळीत सापडते, त्या प्रसंगासाठी. हप्ता सांगाल तो भरेन.

अपघाताचं मात्र सरकारने बघितलं आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता पूर्वी वर्षाला १२ रुपये होता, जून २०२२ पासून २० आहे. अपघातात मेले तर २ लाख, दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे कायमचे गेले तरी २ लाख, एक हात गेला तर १ लाख. मी घेतला आहे, प्रत्येकीने घ्यावा. पण साहेब, आमचं नुकसान इतकं नीटनेटकं होत नाही. आषाढात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, बादली घेऊन उतरताना पाय सटकतो, मनगट मोडतं. सहा आठवडे प्लास्टर. हात गेलेला नसतो, नुसता कामाचा नसतो. त्या २० रुपयांत दवाखान्याचं बिल नाही आणि बुडालेला पगारही नाही. तोवर वहिनींना दुसरी बाई मिळालेली असते. बाथरूमच्या ॲसिडात ब्लीचिंग पावडर मिसळली की क्लोरीन सुटतो. त्याने छातीत खोकला बसला तर तो अपघात की आजार, हे ठरवायला आपण मोरीत येऊन बसाल का?

शोधता शोधता ‘सरल सुरक्षा विमा’ सापडला. विमा नियामकाच्या सांगण्यावरून २०२१ पासून कंपन्यांनी आणलेला हा साधा अपघात विमा अडीच लाखांपासून मिळतो. जादा हप्ता भरला तर तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वात दर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के मिळतात. अडीच लाखांवर आठवड्याला ५०० रुपये. श्रीमंती नव्हे, पण चूल पेटते. एवढी कामाची वस्तू आपल्या पाटीवर का नाही? कमिशन बारीक असेल बहुधा.

राहिला प्रश्न मी धंदेवाली की कामगार, याचा. पगारवाढ मागितली की मी ‘घरचीच’, आणि पडले की ‘आम्ही काय कारखाना चालवतो?’ २००८ च्या कायद्याने महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळ आलं. तिथे नाव नोंदवायचं तर ‘ही आमच्याकडे काम करते’ असा घरमालकाचा दाखला लागतो. तो मागितला की घरात एकदम शांतता पसरते. सही म्हणजे उद्याची कटकट ना! त्याच घरातल्या स्कूटरचा विमा मात्र दरवर्षी वेळेवर भरला जातो, कारण तो नसेल तर पोलीस पावती फाडतात. ती स्कूटर धुणारीसाठी पावती फाडणारं कोणी नाही.

गृहस्थांच्या पॅकेज पॉलिसीत घरकामगाराच्या दुखापतीचं कलम जोडून घेता येतं, हे आपल्याला ठाऊकच असेल. पुढच्या वेळी टीव्ही आणि दागिन्यांचा विमा विकायला त्या घरांत जाल, तेव्हा ते कलम आधी मोठ्याने वाचून दाखवा आणि मंडळाच्या दाखल्यावर तिथल्या तिथे सही घ्या. माझ्यासाठी सरल सुरक्षेचा फॉर्म आणा, तात्पुरत्या अपंगत्वाच्या रकान्यासकट. दुपारी दोननंतर मी मोकळी असते.

आपली,
मिरजोळ्याची एक उद्योजिका