रंगातले वाटेकरी

लग्नाचा अल्बम घरी आला की नवरा-नवरीच्या आधी शालू पाहिला जातो आणि लगेच निकालही लागतो: रंग तसा आलेला नाही. शालू अंजिरी होता, फोटोत चॉकलेटी झाला. फोटोग्राफरला विचारावं तर तो शांतपणे म्हणतो, "लाइटमुळे, काकू." काकूंना ही पळवाट वाटते. पण भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना जरी बोलावलं, तरी तेही तासभर बोलून शेवटी इथेच येतील.

खरं तर काकूंना हे शास्त्र पक्कं ठाऊक असतं. साडीच्या दुकानात ट्यूबलाइटखाली त्या कधीही होकार देत नाहीत. पदर उचलून दाराशी जातात, उजेडात धरून बघतात. साडी स्वतः काही उजेड पाडत नाही. अंगावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग ती ठेवून घेते, उरलेला परत करते. जे परत येतं त्यावरून आपण रंग ठरवतो. दिव्याकडूनच निळा कमी आला, तर साडी तो देणार कुठून? जुन्या पद्धतीच्या पिवळ्या बल्बमध्ये तो कमीच असतो. तरीही त्या बल्बखाली बसलेल्या आजोबांचं धोतर आपल्याला पांढरंच दिसतं, कारण डोळ्यांमागे बसलेला मेंदू सगळं सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ही रीतभात नाही. दिसलं ते तो तोंडावर सांगतो. म्हणून त्याला 'व्हाइट बॅलन्स' लावून द्यावा लागतो: बल्बखाली साधारण २८०० केल्विन, दुपारच्या उन्हात ५५००.

पूर्वीचे कॅमेरे तर याहून हट्टी. जुन्या फोटोंत कुंकू काळं कुळकुळीत दिसतं आणि आभाळ कोरं पांढरं. त्या काळच्या काचांवरच्या रसायनाला निळा-जांभळा प्रकाश तेवढा कळे, तांबडा जवळजवळ नाहीच. १८७३ साली बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना आढळलं की रसायनात योग्य रंगद्रव्य मिसळलं तर त्याला हिरवाही कळू लागतो. तांबड्याची पाळी त्यानंतर आली. तोवर डार्करूममध्ये लाल दिवा खुशाल जळत असे. काच त्याची दखलच घेत नसे.

अशा तांबड्याला आंधळ्या काचांवर जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी रंगीत फोटो दाखवला, हा विज्ञानातला एक झकास विनोद आहे. १७ मे १८६१, लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन. डोळ्यात तीनच प्रकारची रंगजाणीव आहे, बाकी सगळे रंग तिच्या मिश्रणातून होतात, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. छायाचित्रकार थॉमस सटन यांनी चौकड्यांच्या स्कॉटिश कापडाची फीत तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून वेगवेगळी टिपली. त्याच तीन रंगांचा प्रकाश वापरून ती चित्रं पडद्यावर एकावर एक टाकली आणि रंगीत फीत उमटली. पण तांबडं दिसतच नसताना तांबड्या गाळणीतून चित्र आलं कसं? उत्तर मिळायला शंभर वर्षं लागली. १९६१च्या सुमारास कोडॅकच्या संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला. फितीतला लाल रंग अतिनील किरणही परतवत असावा, ते तांबड्या गाळणीतून निसटले आणि काचेवर पोचले, असं निघालं. सिद्धांत बरोबर होता, पुरावा मात्र भलत्याच साक्षीदारानं दिला होता.

आपल्या फोनचा कॅमेराही त्याच तीन गाळण्यांवर चालतो. कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांना १९७६ साली पेटंट मिळालेल्या मांडणीत सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी बसते: निम्म्या हिरव्या, पाव तांबड्या, पाव निळ्या. हिरव्याला दुप्पट मान, कारण उजेडातले बारकावे आपला डोळा बहुतेक त्याच पट्ट्यात टिपतो. म्हणजे एका ठिपक्याला एकच रंग कळतो. बाकीचे दोन तो शेजाऱ्यांकडून काढतो, स्थळाची चौकशी करावी तसे. शेजारी काय सांगतात त्यावर अंदाज बांधायचा आणि पुढे जायचं. फोटोतला दोन-तृतीयांश रंग असा ऐकीव असतो, आणि तरीही आपण पुरावा म्हणून फोटोच पुढे करतो.

तो फोटो ज्या पडद्यावर बघतो, तिथेही तोच कारभार. फोनवर हळदीच्या समारंभाचा फोटो लावा. सगळं घर पिवळं. पडद्यात मात्र पिवळा दिवा एकही नाही. तांबडा आणि हिरवा शेजारी शेजारी उजळतात, डोळा दोघांना मिळून पिवळं समजतो. खऱ्या हळदीकडून येणारा प्रकाश आणि हा प्रकाश अगदी वेगळे असले, तरी डोळ्यातल्या तीन जाणिवा सारख्याच चाळवल्या की आपल्याला दोन्ही एकच.

रंग हा एकट्या वस्तूचा नसतो. त्यात दिव्याचा वाटा असतो आणि पाहणाऱ्याचाही. माणसाच्या डोळ्याची ही सवय नेमकी ओळखली, म्हणून फोटोग्राफीचा धंदा चालला. मधमाशीला तांबडा कळत नाही, अतिनील मात्र दिसतो. आपले झेंडूचे फोटो तिला दाखवले तर त्यात झेंडू सापडणं कठीण. तिच्यासाठी गाळण्यांपासून पडद्यापर्यंत सगळं नव्यानं बनवावं लागेल. सुदैवानं मधमाश्या फोटो पसंत करायला येत नाहीत.