दर फ्रेम काय भाव?

प्रस्तुत लेखक पाव किलो गवारीवर पाच रुपये वाचवायला अख्खी मंडई पालथी घालतो. तोच गृहस्थ एका रात्री एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची किंमत वाचून ‘तसं महाग नाही’ असं पुटपुटला. २०२५ च्या आरंभी हे कार्ड भारतात जाहीर झालं ते २,१४,००० रुपयांना. ‘‘तसं म्हणजे कसं?’’ सौभाग्यवतींनी विचारलं. लेखकाने हिशेबाची वही काढली.

पहिलं पान २०२० चं. त्या सप्टेंबरात कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून ३०८० आणि ३०९० ही भावंडं जगाला दाखवली. इथला भाव धाकट्याचा ७१,०००, थोरल्याचा १,५२,०००. फोर-के पडद्यावर थोरलं दहा-पंधरा टक्केच वेगवान. धाकट्याने एखाद्या गेममध्ये सेकंदाला ८० फ्रेम, म्हणजे चित्रं, काढल्या, तर थोरलं नव्वदीपर्यंत जाणार. वरच्या दहा फ्रेमचे ८१,०००! एक फ्रेम आठ हजार शंभरला पडली आणि सेकंदाच्या नव्वदाव्या हिश्श्यात डोळ्यांसमोरून गेलीसुद्धा. थोरल्याची २४ जीबी मेमरी थ्रीडीची कामं करणाऱ्यांना उपयोगी, हे खरं. लेखक त्या संगणकावर पत्ते खेळतो आणि रविवारी गाड्या पळवतो.

२०२२ मध्ये मात्र गणित फिरलं. ४०८० ला १,१६,०००, ४०९० ला १,५५,०००. पैसे तिसऱ्या हिश्श्याने जास्त आणि वेगही जवळपास त्याच मापाने. पण थोरलं स्वस्त झालं नव्हतं, धाकट्यालाच फाजील भाव लावला होता. ५०९० ची किंमत तर ५०८० च्या बरोब्बर दुप्पट, आणि वेग फोर-केवर साधारण दीडपट.

शिवाय फ्रेमचा हिशेब मुळातच लबाड. सेकंदाला ३० च्या ६० झाल्या की दोन चित्रांमधली वाट ३३ मिलिसेकंदांवरून १७ वर येते. हा फरक आंधळ्यालाही जाणवावा. ६० च्या १२० केल्या की आठ मिलिसेकंद वाचतात, १२० च्या २४० केल्या की जेमतेम चार. आणि ५०९० चा वीजखप ५७५ वॅटपर्यंत, म्हणजे घरच्या मिक्सरइतका. फरक एवढाच, की मिक्सर चटणी झाली की थांबतो.

एवढं सगळं वहीत लिहून लेखक ग्रँट रोडला उतरला आणि लॅमिंग्टन रोडवर गेला. दुकानदाराने वहीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ‘‘साहेब, मॉनिटर कुठला?’’

प्रश्न वर्मी लागला. मॉनिटर जुना, फुल एचडी, ६० हर्ट्झचा. त्यावर वीस-एकवीस लाख ठिपके. फोर-केवर त्र्याऐंशी लाख. कार्डाने सेकंदाला दोनशे चित्रं रंगवली तरी हा पडदा साठच वेळा बदलणार. पंगतीत साठ पानं मांडून दोनशे माणसांचा स्वयंपाक करावा, तसा प्रकार. त्यातून लेखकाचा प्रोसेसरही वयस्कर. एवढ्या लहान पडद्यावर कार्ड रिकामं बसून त्याचीच वाट बघत राहिलं असतं.

लेखक १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन परतला. कार्ड जुनंच. घरी पेटी फोडून, वायर जोडून पहिली शर्यत लावली आणि सद्गदित झाला. ‘‘बघ, वळणावर गाडी कशी लोण्यासारखी फिरते!’’ सौभाग्यवतींनी मान डोलावली. पुढचे तीन आठवडे येईल त्या पाहुण्याला हे लोणी दाखवण्यात आलं. दोन पाहुण्यांना ते दिसलंही.

मग एकदा अकरावीतल्या मुलाने काही कारणाने डिस्प्लेचं सेटिंग उघडलं. ‘‘बाबा, हे ६० वरच आहे. तुम्ही बदललंच नाहीत?’’