श्रीमंत विंडोजराव अकरावे यांच्या सेवेशी

बडोद्याहून

राजेमहाराजांकडे अर्ज करण्याची आमच्या गावाला जुनी सवय आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. आपले पूर्वाधिकारी विंडोजराव दहावे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी निवृत्त झाले. आता फॉरमॅट मारलेली यंत्रं एकामागून एक आपल्या ताब्यात येत आहेत. गादीवर बसताच आपण देश विचारता, कीबोर्ड विचारता, आणि मग फर्मान सुटतं: नेटवर्कला जोडा. ‘होम’ आवृत्ती असेल तर पुढे जायचं बटण करडं पडून राहतं. केबल खोचलेली असते, राउटर चालू असतो. पण यंत्रातलं लॅन कार्ड आपल्याला दिसत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर आपल्यापाशी नाही. ड्रायव्हर कुठे मिळेल? इंटरनेटवर. इंटरनेट कशानं मिळेल? त्याच कार्डानं. बऱ्याच नव्या लॅपटॉपना तर लॅनचं भोकही नसतं. तिथे वायफायची चिप हुकली की सगळंच संपलं.

पण ‘कार्ड ओळखता येत नाही’ हे आपलं म्हणणंच मला मान्य नाही. यंत्र सुरू होताना पीसीआय मार्गावरचं प्रत्येक कार्ड, विचारलं की आपला क्रमांक सांगतं. १०ईसी म्हणजे रिअलटेक; ८०८६ म्हणजे इंटेल (या कंपनीनं १९७८च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा ओळखीसाठी घेतला). त्याच्यापुढे मॉडेलचा क्रमांक, शिवाय ‘मी ईथरनेटचं कार्ड आहे’ असं सांगणारा वर्गाचा आकडा वेगळा. हे सगळं आपल्या कानावर गेलेलं असतं. म्हणून तर डिव्हाइस मॅनेजरात आपण ‘ईथरनेट कंट्रोलर’ असं लिहून त्याच्यावर पिवळं उद्गारचिन्ह ठेवता आणि आत कोड २८ टाकता, म्हणजे ड्रायव्हर नाही. मग हा क्रमांक समोर मांडायला काय हरकत आहे? तो आपण प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग एका यादीतलं हार्डवेअर आयडी, अशा सात पडद्यांआड ठेवला आहे. पिवळं चिन्ह आणि कोड २८ दिसतोय याचा अर्थ कार्ड बहुधा जिवंत आहे आणि फक्त ड्रायव्हर टाकायचा आहे; कार्ड यादीत कुठेच नसेल तरच बायोसमध्ये लॅन बंद आहे का, कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय का, हे बघायचं. एवढा साधा भेद आपण सांगत नाही, म्हणून धडधाकट कार्डं कचऱ्यात जातात आणि त्यांच्या जागी नवी विकत आणली जातात. रिअलटेकच्या चिपवर खेकड्याचं चित्र असतं. पण इथे पाय ओढणारा खेकडा तो नव्हे, महाराज.

कोणी म्हणेल, जगात कार्डं हजारो, कुणाकुणाचा ड्रायव्हर बरोबर बाळगायचा? आक्षेप खरा आहे. कीबोर्ड आणि पेन ड्राइव्ह यांच्यासाठी कंपन्यांनी एक समान रीत मानली, म्हणून ते कुठेही लावले की चालतात. लॅन कार्डांचं तसं झालं नाही. प्रत्येक चिपशी बोलायची तऱ्हा निराळी, आणि ती कंपनीनं सांगितली तरच कळणार. त्यात चिप आपल्या इन्स्टॉलेशन फाइलीनंतर बाजारात आलेली असेल तर आपण तरी काय करणार? ज्याची माहिती कोणी दिलीच नाही त्याच्याशी बोलायचं आणि वर शिव्या खायच्या, हे दुःख मी समजू शकतो. जागेची सबब मात्र सांगू नका. पाच जीबीच्या वर पसरलेल्या फाइलीत काही एमबींचा ड्रायव्हर मावत नाही, पण पत्त्यांचा सॉलिटेअर हवाच असतो. ‘मोबाइल जोडून टेदरिंग करा’ हा सल्ला बरोबर आहे आणि बहुधा लागू पडतो. बरेच अँड्रॉइड फोन यासाठी वापरतात ती समान रीत आपल्याच कंपनीनं ठरवलेली आहे, तिचा ड्रायव्हर आपल्या पोटातच असतो. म्हणजे मनावर घेतलं की जमतं! अलीकडे त्या पडद्यावर ‘ड्रायव्हर टाका’ अशी सोयही दिली आहे. तो ड्रायव्हर आणायला दुसरा संगणक लागतो, एवढंच. लिनक्सवाल्यांनीही फार हसू नये. बहुतेक ड्रायव्हर त्यांच्या कर्नलबरोबर येतात, पण वायफायचं फर्मवेअर खुलं नाही म्हणून डेबियननं ते जून २०२३पर्यंत आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं होतं.

इथवरचं अज्ञान म्हणून सोडून देता आलं असतं. पण शिफ्ट आणि एफ-१० दाबून ‘बायपास-एनआरओ’ ही आज्ञा लिहिली की ‘माझ्याकडे इंटरनेट नाही’ म्हणायची मुभा मिळत असे, आणि मार्च २०२५मध्ये आपल्या कंपनीनं ती आज्ञा चाचणी आवृत्तीतून काढल्याचं जाहीर केलं. कारण दिलं सुरक्षेचं आणि वापरणाऱ्याच्या सुखाचं! कुणाचं सुख? ज्याचं कार्डच चालत नाही त्याचं? हा उद्दामपणा आहे. आपल्याला नेट हवंय ते आमच्या सोयीसाठी नव्हे, आमचं खातं आपल्या वहीत चढावं म्हणून. याउलट आमच्या बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. जिथे ग्रंथालय नव्हतं त्या खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या रवाना झाल्या. आधी बडोद्याला येऊन नाव नोंदवा, मग पेटी पाठवतो, असं त्या राज्यानं म्हटलं नाही.

तेव्हा मागणी एवढीच. जे कार्ड चालत नाही त्याची कंपनी आणि मॉडेल पहिल्याच पडद्यावर साध्या अक्षरांत लिहा, आणि ‘नेट नंतर जोडतो’ हे बटण परत द्या. खातं उघडायचं की नाही ते यंत्राचा मालक ठरवील. पैसे त्यानं मोजले आहेत.

आपला,
एक यंत्रमालक