'माझ्याकडे तर चालतं' म्हणणाऱ्या महोदयांस

मा. बिल्डफाइलकर्ते महोदय,


स्कॅन केलेली जुनी मराठी पानं वाचणारा मुक्तस्रोत प्रोग्रॅम आपण लिहिलात, त्याबद्दल आधी मनापासून आभार. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं. जुन्या मराठी छपाईचं मोल आम्हाला वेगळं सांगावं लागत नाही. टेसरॅक्ट हे इंजिन मराठी ओळखतं, त्याच्या जोडीला आपला प्रोग्रॅम आम्हाला हवाच होता.

कम्पाइल सुरळीत होऊ दिलंत, ही आपली कृपा. शेवटच्या पायरीवर मात्र 'अनडिफाइन्ड रेफरन्स'च्या ओळींवर ओळी. डोंबिवलीतल्या जुन्या उबुंटूवर लिंकरला पीथ्रेड हे थ्रेड्सचं ग्रंथालय, म्हणजे लायब्ररी, सापडेना. आपल्या नव्या मशिनवर ते सापडणारच, कारण ऑगस्ट २०२१च्या ग्लिबसी २.३४पासून ते मुख्य लायब्ररीतच सामावलं आहे. त्याआधीच्या ग्लिबसीवर वेगळं मागावं लागतं. ती एक ओळ आपण आमच्या संशोधनासाठी राखून ठेवलीत, उपकार आहेत.

लायब्ररींची नावं ऑब्जेक्ट फाइलच्या आधी लिहिण्याची आपली शैली तर थोरच. मॅकच्या लिंकरला क्रमाचं सोयरसुतक नसतं. उबुंटूचा लिंकर डावीकडून उजवीकडे वाचत जातो. लायब्ररी समोर आली तेव्हा तिची गरज कुणालाच नव्हती, म्हणून तो ती सोडून देतो आणि पुढे गरज पडली तरी मागे वळत नाही. पॅकेज मशिनवर असतं, तरी एरर येते. नवखी मुलं तेच पॅकेज पुन्हा पुन्हा बसवत राहतात आणि शेवटी नाद सोडतात. याचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं.

ठाण्यातल्या मैत्रिणीच्या एम१ मॅकचीही आपण काळजी वाहिलीत. फाइलमध्ये 'यूएसआर लोकल' हा पत्ता कायमचा कोरून ठेवलात. ॲपलच्या नव्या चिपवर होमब्रू 'ऑप्ट होमब्रू'मध्ये राहतं. जुन्या पत्त्यावर इंटेलची लायब्ररी उरली होती, ती लिंकरनं नाकारली.

विंडोजबद्दल आपण थोर मौन पाळलंत. मिनजीडब्ल्यू आणि व्हिज्युअल सी++ फंक्शनांची नावं वेगवेगळ्या रीतीनं गुंफतात, त्यामुळे एकाची सी++ लायब्ररी दुसऱ्याला जोडता येत नाही. एवढं रीडमीत लिहिलं असतंत, तर कल्याणचा मित्र 'एलएनके २०१९'शी झुंजत बसला नसता.

आता सरळ सांगते. लिंकर दोषी नाही, दोषी आपण आहात. थ्रेड्स सीमेकमार्फत मागा, पत्ते पीकेजी-कॉन्फिगला विचारा, लायब्ररी ऑब्जेक्टनंतर लिहा आणि नवी आवृत्ती काढण्याआधी तिन्ही प्रणालींवर बांधून पाहा. दुरुस्त्या पाठवल्या आहेत, त्या स्वीकारा.

आपली,
डोंबिवलीची एक वापरकर्ती