गुलाल धुऊन बघा

मोठं मैदान झालं की दुसऱ्या दिवशी कोलाड नाक्यावर चहाच्या टपरीत नवा निकाल लागतो. मैदानातला निकाल आदल्या संध्याकाळीच लागलेला असतो. हा दुसरा, आणि जास्त कडक. अमका बैल संपला. तमक्याला आता तोड नाही. फायनलला चौथा आला तो विकून मोकळं व्हावं. दहा जणांच्या हातात दहा मोबाईल आणि सगळ्यांवर तीच पंधरा सेकंदांची रील. शेवटची पन्नास पावलं, निशाण, गुलाल. एवढ्यावर जनावराची किंमत लाखालाखांनी चढते, नाहीतर दारातलं जनावर दावणीवरून उठवलं जातं.

मला याचा राग येतो. शर्यतीचा नाद आहे म्हणूनच येतो.

त्या रीलमध्ये काय नसतं ते सांगतो. सातारा-सांगलीकडच्या मैदानात बैल दिवसातून एकदाच पळत नाही. आधी गट, गट पास झाला की सेमी, मग फायनल. फायनलच्या रेषेवर उभा राहिलेला बैल त्या दिवशी तिसऱ्यांदा पळायला उभा असतो. एकाचा गट सकाळी लवकर लागला, त्याला सेमीपर्यंत झाडाखाली बसून रवंथ करायला वेळ मिळाला. दुसऱ्याचा गट दुपारच्या तापात लागला आणि धाप उतरायच्या आत सेमीचा पुकारा झाला. फायनलला दुसरा अर्ध्या छकड्यानं मागे राहिला. यातला भारी कोण? टपरीवर उत्तर तयार असतं: पहिला. मी म्हणतो, पुढच्या मैदानाला दुसऱ्यावर नजर ठेवा.

मग तास, म्हणजे गाडी पळायची आखलेली वाट. कुठल्या तासातून पळायचं ते चिठ्ठी ठरवते. कडेचा तास लागला तर पब्लिक अंगावर येतं, शिट्ट्या, आरोळ्या, हातात धरलेले मोबाईल. कितीतरी गुणी बैल तिथं बुजतात आणि मधल्या तासात तेच बैल वाऱ्यासारखे जातात. चिठ्ठीचा दोष बैलाच्या माथी मारायचा, हा कुठला न्याय?

आणि पैरा. नाद नसलेल्यांसाठी सांगतो: आपल्या बैलाला दुसऱ्या मालकाचा बैल जोडीला घेतला की तो पैरा. एक डाव्या खांदीचा, एक उजव्या खांदीचा, दोघांचा पाय एका वेळी पडला पाहिजे. एक जास्त तेज निघाला की छकडा तिरका ओढला जातो, तास सुटतो आणि जोडी बाद. 2023 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत पैलवान चंद्रहार पाटलांनी भरवलेल्या मैदानात बकासूर आणि महिब्या या बैलजोडीनं बक्षिसाची थार जिंकली. बकासूरचं नाव शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. महिब्याचं किती जणांना आठवतं? छकडा तर दोघांनी मिळून ओढला होता. जोडीचा पळ एकाच्या खात्यावर जमा करायचा आणि मग तो दुसऱ्या पैऱ्यात मागे पडला की ‘उतरला’ म्हणायचं. जोडीदार बदलला हे कुणी मोजतच नाही.

आपल्या रायगडची गोष्ट तर आणखी वेगळी. अलिबाग, नागाव, वरसोलीकडे किनाऱ्यावर शर्यत लागते ती ओहोटीच्या हिशेबानं. पाणी नुकतंच उतरलेलं असतं तेव्हा ओली वाळू रस्त्यासारखी टणक असते, चाक वरच्या वर धावतं. भरती लागली की पळायची जागा वर सरकते, भुसभुशीत वाळूत चाक रुततं, बैलाचा खूर आत जातो. सकाळचा विजेता आणि दुपारचा विजेता यांची तुलना करणारा माणूस समुद्राकडे पाठ करून उभा असला पाहिजे. पुणे जिल्ह्यातल्या बैलगाड्याला तर घाट असतो. तिथं बारी सेकंदावर मोजतात, पण प्रत्येक घाटाची लांबी वेगळी, चढ वेगळा. एका घाटाचे सेकंद दुसऱ्या घाटावर चालत नाहीत.

एका निकालावरून जनावर मोडीत काढायची घाई कशी फसते, त्याला एक घोडा साक्षीला आहे. इंग्लंडात मार्च महिन्यात चेल्टनहॅमला अडथळ्यांवरून उड्या मारणाऱ्या घोड्यांची चार दिवसांची मोठी जत्रा भरते. तिथला गोल्ड कप हा मानाचा. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत लिव्हरपूलजवळ एन्ट्री नावाच्या मैदानावर ग्रँड नॅशनल होते. गोल्डन मिलर नावाच्या घोड्यानं 1934 मध्ये या दोन्ही शर्यती एकाच हंगामात मारल्या. तसं त्याच्या आधी कुणी केलं नव्हतं आणि आजपर्यंत दुसऱ्या घोड्याला जमलेलं नाही. पुढच्या वर्षी, 1935 ला, गोल्ड कपमध्ये त्याची थोमंड नावाच्या घोड्याशी अटीतटीची झुंज झाली. जिंकला, पण अंगातलं सगळं काढून जिंकला. पंधरवड्यात त्याला नॅशनलला उभं केलं. जगानं त्याच्यावर पैसे लावले होते. त्यानं वाटेत स्वार खाली टाकला. लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा एका शर्यतीत काढला, तिथं पहिल्याच अडथळ्याला स्वार खाली. ‘संपला’ म्हणणारे तिथंही असणारच. 1936 ला त्याच घोड्यानं सलग पाचवा गोल्ड कप घेतला.

तिथल्या शर्यतीच्या कागदावर घोड्याच्या नावाआधी मागच्या पळांची खूण असते. कितवा आला त्याचा आकडा, पडला तर वेगळं अक्षर, स्वार खाली आला तर वेगळं, स्वारानं स्वतः ओढून थांबवला तर आणखी वेगळं. पडणं आणि हरणं यांत त्यांनी फरक ठेवलाय. मुंबईच्या महालक्ष्मीलाही कार्डावर घोड्याचा मागचा पळ, अंतर, वजन, जॉकी सगळं छापलेलं मिळतं. आमच्या बैलाच्या नावावर एक ओळ नाही. लाखांचं जनावर आणि त्याचा इतिहास कुणाच्या तरी फोनच्या स्टेटसवर, चोवीस तासांसाठी.

पूर्वी ही नोंद जाणत्यांच्या डोक्यात होती. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 ला परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. मधली साडेसात वर्षं म्हणजे बैलाची अख्खी उमेद. त्या काळात बैल गेले आणि बैल वाचणारी माणसंही गेली. आज मैदानात उतरलेली पोरं हुशार आहेत, जिवाला जीव देतात, पण त्यांना शिकवायला फोनशिवाय कुणी उरलं नाही. आता कायद्यानं काठी, चाबूक बंद आहे. ते योग्यच आहे, आणि त्याचा एक अर्थ असा की बैल जे पळतो ते स्वतःच्या मनानं पळतो. मग ते मन ओळखायला नको?

या हंगामात आमच्याकडचा एक खोंड देशावर मोठ्या मैदानाला गेला. खिल्लार, दुसा, पांढराशुभ्र. विळ्यावरून ताम्हिणी चढून टेम्पोत रात्रभर उभा. गट पास, सेमी पास, फायनलला चौथा. गावात आला तो पाठभर गुलाल घेऊन. तो गुलाल सेमी जिंकल्यावर उधळलेला होता. मालकाचं तोंड पडलेलं. टपरीवर त्याच्याआधी निकाल पोचला होता: विकून टाक.

सकाळी धरणातून सुटलेलं पाणी दुपारी उतरलं तेव्हा त्याला कुंडलिका नदीवर धुवायला नेला. मीही गेलो. सोबत एक म्हातारे काका होते, हयात बैलांत गेलेले. मालकाचा पोरगा फोनवर त्यांना फायनलची रील दाखवायला लागला. काकांनी फोन बाजूला केला. “आधी गुलाल धू रे. मग बघू.”

पाणी गुलाबी होऊन वाहायला लागलं. वशिंडाच्या पुढं, जिथं जू बसतं तिथला गुलाल निघाला आणि खाली मुठीएवढी सूज दिसली. बाहेरच्या अंगाला केस घासून गेलेले, कातडी ओली लाल. काकांनी तळहात ठेवला तसा खोंडानं अंग चोरलं.

“पैऱ्याचा बैल उंच होता का रे?”

“हो काका, चांगला चार बोटं उंच.”

“मग सगळं जू याच्यावर उतरलं. तीन वेळा.”

पोरगा गप्प झाला. मालकानं कपाळाला हात लावला, तो चौथ्या नंबरासाठी लावला नव्हता. देशावर पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतात, तूप-हळद लावून खांद चोळतात. ती काही नुसती रीत नाही. वर्षभराचा पळ त्या चार बोटांच्या जागेवर लिहिलेला असतो. सुजल्या खांदीनं चौथा आलेला खोंड विकायला निघालेत, आणि विकत घेणारा उद्या त्याच खांदीवर जू ठेवेल.

मोठ्या मैदानानंतर फॉर्म बघायचा तर गोठ्यात बघा. संध्याकाळी वैरणीला तोंड लावतो का. पाणी एका दमात पितो की तोंड बुडवून सोडून देतो. बसतो का, बसल्यावर रवंथ सुरू व्हायला किती वेळ लागतो. शेण कसं पडतं. सकाळी उठताना कुठला पाय आधी टेकतो, कुठला जपतो. तिसऱ्या दिवशी कान कुठं असतात. पहिला आलेला बैल चार दिवस वैरण सोडून उभा असेल तर पुढच्या आठवड्याच्या मैदानाचं टोकन घेणाऱ्या मालकानं आधी त्याच्या डोळ्यात बघावं. बक्षिसात आलेली गाडी उभी राहते तसं जनावर दारात उभं ठेवता येत नाही.

काकांनी त्याच दिवशी पोराला शंभर पानी वही आणायला लावली. रात्री मी गोठ्यावर डोकावलो तर बल्बखाली बसून लिहीत होता. तारीख. मैदान. जमीन मुरमाड. गटाला तास तीन, सेमीला एक, फायनलला सात. पैरा चार बोटं उंच. प्रवास रात्रभर उभ्यानं. फायनल चौथा. खांद बाहेरून सुजली.

“अजून एक लिही,” काका अंधारातून म्हणाले. खोंड नुकताच बसला होता आणि त्याचा जबडा हळूहळू हलायला लागला होता.

पोरानं फोनवर वेळ बघितली आणि लिहिलं: रवंथ सुरू, रात्री साडेनऊ.